ओसरीवरचा राघू आणि फ्लॅटमधला ग्रे

जुन्या वाड्याच्या ओसरीत झोपाळ्याच्या कड्या असायच्या, कंदिलाची खुंटी असायची आणि बऱ्याच घरांत तुळईला एक जादा आकडा असायचा. तो राघूच्या पिंजऱ्याचा. वाई, सातारा, मिरज, नाशिक अशा गावांतून साठ-सत्तरच्या दशकात फिरलं की कुठल्या ना कुठल्या ओसरीतून ‘मिठू मिठू’ कानावर यायचंच. घरात गाय असावी, तुळस असावी, तसा राघू असावा, असं मानणारी ती माणसं होती. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे.

माझं आजोळ वाईचं. तिथला पिंजरा अजून जसाच्या तसा आठवतो. घुमटासारखा गोल, वर कडी, खाली पत्र्याची थाळी, मधोमध आडवी दांडी, तिच्यावर तारेचा अर्धगोल झोका आणि दोन वाट्या. एकीत पाणी, दुसरीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ. मिरची तारेत खोचायची, पेरूची फोडही तशीच. खालच्या पेठेतल्या एका सधन घरी पितळी पिंजरा होता. दसऱ्याच्या आधी तो समया-तबकांबरोबर चिंच आणि राखुंडीनं घासला जाई आणि झळझळीत होऊन पुन्हा टांगला जाई. आमचा साधा लोखंडी तारेचा होता आणि त्याला हिरवा रंग दिलेला होता. राघू तो रंग दिवसभर चोचीनं खरवडत बसे.

हा पिंजरा कुणी निवडून आणला होता असं म्हणता येणार नाही. जत्रेत उंदराचे सापळे, झारे, चाळण्या विकणारा जो माणूस बसे, त्याच्याकडेच पिंजरेही असत. मामा तीन गोष्टी बघायचा. दार घट्ट बसतं का, मांजराचा पंजा आत जातो का आणि वरची कडी भार पेलेल का. तिन्ही प्रश्न बाहेरून विचारलेले. आत बसणाऱ्याला पंख पसरता येतील का, हे कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. पिंजऱ्याचा व्यास जेमतेम दीड वीत. आपला कंठवाला पोपट चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सोळा-सतरा इंच भरतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच असते. त्यामुळे तो वळला की शेपूट तारांना घासायची. आमच्या राघूच्या शेपटीची टोकं कायम झिजलेली, फाटलेली असत. पाळलेल्या पोपटांची शेपूट अशीच असते, असं आम्हा मुलांना वाटे. रानातल्या पोपटाची निमुळती, निळसर झाक असलेली अखंड शेपूट मी जवळून पाहिली ती पुढे कॉलेजात असताना, मेणवलीच्या घाटावर.

पिंजरा कुठे टांगायचा हे मात्र आजीनं पक्कं ठरवलेलं असे, आणि तिथे तिची तडजोड नसे. सकाळी कोवळं ऊन येतं तेव्हा चौकात, तुळशीवृंदावनाच्या बाजूला. ऊन तापलं की ओसरीत. दुपारी सगळे आडवे झाले की तोही सावलीला माजघराच्या दाराशी. दिवेलागणीला आत. रात्री देवघराच्या भिंतीलगत आणि वर जुन्या लुगड्याचा धडपा. कुठल्याही पक्षीवैद्याला आज विचारा, तो हेच सांगेल: सकाळचं थेट ऊन हवं, कारण काचेतून गाळून आलेल्या उन्हानं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. दुपारी सावली हवी. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. निदान एक बाजू भिंतीला टेकलेली हवी, म्हणजे पाठ सुरक्षित आहे असं त्याला वाटतं. आजीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिला माणसाच्या तान्ह्या मुलाला काय लागतं ते ठाऊक होतं आणि तिनं तेच राघूला लागू केलं होतं.

शिवाय ती ओसरी कधी रिकामी नसे. मामी डाळ निवडायला तिथेच, आजोबा पंचांग उघडून तिथेच, शाळेतून आलेली पोरं दप्तर टाकणार तिथेच. येणारा प्रत्येक माणूस ‘काय राघोबा’ म्हणूनच पुढे जाई. पोपट हा थव्यात राहणारा पक्षी. झाडावर एकटा बसलेला पोपट थोड्याच वेळात कुणाला तरी हाका मारू लागतो. ओसरीतल्या आमच्या राघूला थवा मिळाला होता, फक्त तो माणसांचा होता. तो बोलायला शिकला त्याचं कारणही हेच. ‘विठ्ठल विठ्ठल’ आजोबांनी मुद्दाम शिकवलेलं, पण विहिरीवरच्या रहाटाची करकर कुणी शिकवली? ती त्यानं आपली आपण उचलली. पहाटे अंधारातच तो रहाट वाजवी आणि मामी दचकून उठून बघे, आपल्या आधी पाण्याला कोण आलं म्हणून.

आणखी एक गंमत. पिल्लू आणलं तेव्हा ती मादी आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि नाव ठेवलं ठकी. या पोपटांत नराच्या गळ्याला गुलाबी-काळा कंठ उमटतो, पण तो दोन-तीन वर्षांनी. तोवर नर-मादी दिसायला सारखेच. तिसऱ्या उन्हाळ्यात ठकीच्या मानेवर काळी रेघ दिसू लागली, मागे गुलाबी झाक आली आणि आजोबांनी चारचौघांत जाहीर केलं, ही ठकी नव्हे, हा राघोबा. तो मात्र शेवटपर्यंत स्वतःला ठकीच म्हणवून घेत राहिला.

हे सगळं आठवताना मन भरून येतं. पण हा राघू ओसरीत आला कुठून, हेही सांगायला हवं. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगराकडची माणसं टोपल्या घेऊन यायची. टोपलीत पिसं न फुटलेली पिल्लं, एकमेकांवर पडलेली, चोची उघडून थरथरणारी. पोपट जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो आणि त्याचे विणीचे दिवस हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होतात. ढोलीत हात घालून ही पिल्लं काढलेली असत, कधी ढोलीच फोडून. फोडलेल्या ढोलीत पुढच्या वर्षी कुणालाही घर करता येत नाही. टोपलीतलं एक आमच्या ओसरीत आलं, एखादं शेजारी गेलं. उरलेली संध्याकाळपर्यंत जगली का, हे कुणी विचारलं नाही. आज ती टोपली डोळ्यांसमोर आली की घास उतरत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आणि भारतीय जातींच्या पक्ष्यांचा व्यापार पूर्णपणे बंद झाला तो १९९०-९१ मध्ये. कंठवाला पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळ्या डोक्याचा छोटा पोपट, यांतला कुठलाही आपला पोपट आज पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. हे ठाऊक असूनही ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे’ म्हणून गुपचूप पिल्लू आणणारी माणसं मला भेटतात आणि त्यांच्याशी माझा वाद होतो. ओसरीची आठवण कितीही गोड असो, तिच्यासाठी आज एकही ढोली फुटता कामा नये. ज्यांच्याकडे असा पोपट आधीपासून आहे, त्यांनीही तो खिडकीतून सोडून पुण्य मिळवायच्या भानगडीत पडू नये. वर्षानुवर्षं वाटीतली डाळ खाल्लेल्या पक्ष्याला ना रानातलं खाणं शोधता येतं, ना शिक्रा ओळखता येतो. वनखात्याची १९२६ क्रमांकाची हेल्पलाइन आहे, तिथे कळवावं. पुढची काळजी ती माणसं घेतात.

मधल्या काळात, म्हणजे आम्ही गावं सोडून मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि वन-रूम-किचनमध्ये आलो तेव्हा, पिंजऱ्याचं रूप पालटलं. गॅलरीत लाकडी चौकटीला जाळी ठोकलेला चौकोनी खोका आणि आत ‘लव्हबर्ड्स’. आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. खोक्यात छोटी मडकी टांगलेली असत आणि जोडपी त्यात अंडी घालत. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला मडकं लगेच पसंत पडतं. क्रॉफर्ड मार्केटमध्ये पक्षी, मडकी, राळं असं सगळं एकाच फेरीत मिळे. या खोक्याला तुच्छ लेखू नये. गोल पिंजऱ्यापेक्षा तो पक्ष्यांना कितीतरी सोयीचा होता, कारण तो आडवा लांब होता. पोपटवर्गातले पक्षी हेलिकॉप्टरसारखे सरळ वर चढत नाहीत, ते आडवे उडतात. चार फूट उंच आणि एक फूट रुंद पिंजऱ्यात वरची तीन फुटं वाया जातात. फक्त ती जाळी जस्ताचा मुलामा दिलेली असे, आणि त्याचा त्रास मला फार नंतर कळला.

तो कळला माझ्या भाचीमुळे. मामेभावाची मुलगी, पुण्यात बावधनला राहते. दोघंही नवरा-बायको नोकरी करतात. गेल्या काही वर्षांत तिनं पोपटाचा जो अभ्यास केला आहे तो पाहून मी थक्क होते. तिच्याकडे आफ्रिकन ग्रे आहे, राखी अंगाचा आणि लालभडक शेपटीचा. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षंही जगतो आणि बुद्धीला इतका तल्लख की आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेच्या अ‍ॅलेक्स नावाच्या ग्रेला रंग, आकार आणि छोट्या संख्या सांगता येत होत्या. रानातून पकडून विकल्यामुळे तो इतका घटला की २०१६ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत त्याचा समावेश झाला. म्हणून आपल्याकडेही २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी पक्ष्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कन्यूर आणि मकाव पाळणाऱ्यांनाही. बजरीगर आणि कॉकटील त्या करारात येत नाहीत. भाचीनं पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू घेतलं, कागदपत्रं मागून घेतली, नोंद केली आणि मगच त्याला घरी आणलं. पण त्याच्याही आधी पिंजरा आणला.

मी तिच्यासोबत गेले होते. तिच्या पर्समध्ये मोजपट्टी होती. दुकानदार घुमटाचा सोनेरी पिंजरा पुढे करत होता, दिवाणखान्यात शोभून दिसेल म्हणून. तिनं तो हातातसुद्धा घेतला नाही. ‘आत्या, याला कोपराच नाही. घाबरला तर अंग चोरून बसायचं कुठे यानं?’ मग ती दोन गजांमधलं अंतर मोजू लागली. बजरीगरसाठी ते अर्ध्या इंचाच्या वर नको, ग्रेसाठी पाऊण ते एक इंच. पक्ष्याचं डोकं जिथे शिरतं पण बाहेर निघत नाही, ते अंतर सगळ्यांत घातकी. आडवे गज निदान दोन बाजूंना हवेत, कारण पोपट चोचीचा तिसरा पाय करून चढतो आणि उभ्या गजांवरून घसरतो. रुंदी किती हवी, तर दोन्ही पंख पूर्ण पसरून फडफडवले तरी कुठे टेकता कामा नयेत. शेवटी तिनं घेतला तो तीन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच. मी मनातल्या मनात दीड वीत आणि तीन फूट यांची तुलना करत राहिले.

धातूच्या बाबतीत तर ती कुणाचं ऐकेना. पोपट दिवसभर गज चावतो. स्वस्त जाळीवरचं जस्त, निकृष्ट रंगातलं शिसं, सगळं त्याच्या पोटात जातं. मग सुस्ती, उलट्या, हिरवी पातळ विष्ठा, झटके. अनेकदा मालकाला हवा बदलली असंच वाटत राहतं. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा कित्येक पटींनी महाग पडतो. तिनं पुढची दिवाळीची खरेदी रद्द करून तो घेतला. आमच्या राघोबानं हिरवा रंग खरवडून खरवडून पिंजऱ्याचा एक भाग उघडा पाडला होता. त्या रंगात काय काय होतं, देव जाणे.

पण मला सगळ्यांत भावली ती दांड्यांची गोष्ट. पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. त्याचं सगळं आयुष्य त्या चार बोटांवर उभं असतं, झोपही तशीच. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या दांड्या एकाच जाडीच्या, खरादी मशीनवर गुळगुळीत केलेल्या असतात. तळव्याचा तोच बिंदू वर्षानुवर्षं दाबला जातो, तिथे घट्टा पडतो, मग जखम होते आणि ती चिघळते. नखं घासावीत म्हणून सँडपेपर गुंडाळलेल्या दांड्याही विकतात, त्या तर तळवाच सोलून काढतात. भाचीनं सगळ्या दांड्या काढून टाकल्या. सोसायटीतल्या पेरूची छाटणी झाली तेव्हा कीटकनाशक मारलेलं नाही ना हे माळ्याला विचारून फांद्या आणल्या, गरम पाण्यानं घासल्या, उन्हात कडक वाळवल्या. एक अंगठ्याएवढी, एक मनगटाएवढी, एक वाकडी, एक तिरकी. कडुनिंबाचीही एक बसवली. ग्रेनं आठवडाभरात पेरूची साल सोलून खाली चोथा केला. ‘करू दे,’ ती म्हणाली, ‘त्याचं ते कामच आहे.’ मला आमच्या राघोबाचे पाय आठवले. म्हातारपणी तो सारखा एक पाय उचलून धरायचा आणि आजी म्हणायची, संधिवात झालाय बिचाऱ्याला.

स्वयंपाकघरापासून पिंजरा लांब. चुलीच्या धुरानं आमच्या राघूला त्रास होतच असेल, पण आताचा धोका दिसतही नाही. नॉनस्टिक तवा रिकामाच तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला कळतही नाही, पक्षी मात्र मिनिटांत मरू शकतो. त्याच्या फुप्फुसांची श्वास ओढून घेण्याची ताकद आपल्यापेक्षा किती तरी अधिक असते, म्हणून विषही तितक्याच झपाट्यानं भिनतं. भाचीच्या घरात आता बिडाचा तवा आणि लोखंडी कढई आहे. डासांची कॉइल नाही, रूम फ्रेशनर नाही. पक्षी बाहेर असताना छताचा पंखा बंद, मग मे महिना का असेना.

एवढं सगळं करूनही दुसऱ्या वर्षी त्या ग्रेनं स्वतःच्या छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी दोन-चार, मग मुठीएवढी जागा उघडी पडली. रक्त तपासलं, त्वचा तपासली, खाणं बदललं. सगळं ठीक. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी शेवटी घराचा नकाशा कागदावर काढायला सांगितला आणि पिंजरा कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. तो मागच्या बेडरूममध्ये होता. धूळ नको, टीव्हीचा आवाज नको, स्वयंपाकघराचा वास नको, म्हणून मुद्दाम तिथे ठेवलेला. सकाळी साडेनऊला दार बंद होई ते संध्याकाळी सात वाजता उघडे. खेळणी होती, झोके होते, शोधून खायच्या कागदाच्या पुड्या होत्या. माणूस नव्हतं.

मी तेव्हा तिला वाईच्या ओसरीबद्दल सांगितलं. आजी पिंजरा उन्हाबरोबर आणि माणसांबरोबर कशी हलवत असे ते सांगितलं. तिनं ते डॉक्टरांच्या सल्ल्याइतक्याच गंभीरपणे ऐकून घेतलं आणि त्याच रविवारी पिंजरा हॉलमध्ये आणला. एक बाजू भिंतीला, तोंड डायनिंग टेबलाकडे, उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांएवढी. तिचा बाप, म्हणजे माझा मामेभाऊ, निवृत्त होऊन वाईतच असतो. त्याला आता वर्षातले निम्मे महिने ती पुण्यात ठेवून घेते आणि तोही आढेवेढे न घेता राहतो. सकाळी चहाचा कप घेऊन पिंजऱ्याजवळ बसतो आणि पेपर मोठ्यानं वाचतो, अग्रलेखासकट. कामवाल्या मावशीही भांडी आवरून झाली की टेबलाशी बसून भाजी निवडतात आणि त्याला मटाराची शेंग देतात. ज्या दिवशी घरात कुणीच नसतं, त्या दिवशी भाची आणि नवरा दोघांपैकी एक जण घरून काम करतो. तसं वेळापत्रकच फ्रिजवर लावलं आहे. छातीवर आता राखी लव आली आहे. काही ठिकाणी पिसाचं मूळच दुखावलं असेल तर तिथे पुन्हा पीस येणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

बजरीगर घेऊ का, पोरगी मागे लागली आहे, असं मला अनेक जण विचारतात. मी त्यांना पिंजऱ्याची मापं सांगते, धातू सांगते, एक घेऊ नका दोन घ्या म्हणते. पण त्याच्याही आधी विचारते की दुपारी बारा वाजता तुमच्या घरात कोण असतं. कुणीच नसेल तर खिडकीबाहेर पाण्याचं मातीचं भांडं ठेवावं आणि आवारात पेरू, शेवगा, कडुनिंब लावावा. आता शहरांत रानचे पोपट आहेत. संध्याकाळी पुण्यात डोक्यावरून थवेच्या थवे कलकलाट करत जातात. त्यांच्या शेपट्या अखंड असतात.

भाचीचं पुढचं काम बाल्कनीचं आहे. पूर्वेकडची बाल्कनी, सकाळी दोन तास ऊन. तिथे अर्ध्या इंचाची स्टीलची जाळी बसवून ग्रेला उडता येईल अशी जागा करायची आहे. फॅब्रिकेटर माप घेऊन गेला. तो एकच दार धरून चालला होता. तिनं दुहेरी दार सांगितलं आहे: बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, म्हणजे कुणी घाईत आत आलं तरी पक्षी बाहेर सुटणार नाही. मामेभावाचं म्हणणं, आत एक खुर्ची मावली पाहिजे, पेपर वाचायला. त्यासाठी जाळी आठ इंच पुढे घ्यावी लागते आणि त्याला सोसायटीची परवानगी लागते. अर्ज दिला आहे. पुढच्या सभेत तो विषय आहे.